‘गेट’चे चाळीस अर्थ मुलांना पाठ करायला लावू नका

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत, इंग्रजी शिकवणाऱ्या सदरात एक चौकट होती. ‘गेट’ या क्रियापदाचे चाळीस अर्थ, प्रत्येकापुढे मराठी प्रतिशब्द आणि तळाशी सूचना : रोज पाच पाठ करा, आठ दिवसांत शब्द तुमचा. माझ्या भावाची नात वाईला नववीत शिकते. तिने त्या चौकटीचा आणि स्वतःच्या वहीचा फोटो मला पाठवला. सगळे अर्थ सुवाच्य अक्षरात उतरवून काढलेले, पंचवीसांपुढे पाठ झाल्याची खूण. मला कौतुक वाटलं, मी लगेच फोन केला. आदल्या दोन दिवसांत ती तापाने पडून होती, म्हणून म्हटलं, ‘‘आता कसं वाटतंय ते इंग्रजीत सांग बघू.’’ पोरीने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, ‘‘आय ॲम बिकमिंग गुड.’’

‘आय ॲम गेटिंग बेटर’ एवढं साधं वाक्य तिच्या तोंडी आलं नाही. वहीत दुसऱ्याच ओळीवर ‘गेट – होणे, बनणे’ असं लिहिलेलं होतं. पण तिला मराठीतला ‘होणे’ आठवला, त्याचा इंग्रजी शब्द म्हणून शाळेत शिकलेला ‘बिकम’ आठवला, आणि वहीतला ‘गेट’ वहीतच राहिला.

त्याच आठवड्यात इथे माझ्या वर्गातल्या एका फ्रेंच नर्सने याच प्रश्नाचं उत्तर ‘आय गो बेटर’ असं दिलं होतं. फ्रेंचमध्ये तब्येत सुधारू लागली की माणूस ‘अधिक चांगला जातो’. एक वाईची, एक आल्प्समधली. दोघींनाही ‘गेट’ चांगला ठाऊक होता आणि दोघींनीही त्याला टाळलं. ही गोष्ट मी बावीस वर्षं रोज पाहते आहे, म्हणून आपल्याला लिहावंसं वाटलं. पत्र लांबेल, त्याबद्दल क्षमा असावी.

मी मूळची वाईची. १९८०च्या दशकाच्या शेवटी पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकले, काही वर्षं पुण्यातच शिकवलं, मग लग्न होऊन फ्रान्सला आले. फ्रान्सच्या आग्नेय कोपऱ्यात, आल्प्सच्या पायथ्याशी शांबेरी नावाचं शहर आहे, तिथे राहते. फ्रेंच शिकवण्यासाठी इथे माझी कुणाला गरज नव्हती, हे उघड आहे. गरज होती इंग्रजीची. तेव्हापासून संध्याकाळच्या वर्गात मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते.

हे विद्यार्थी कोण, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या शहराच्या वरच्या अंगाला तारांतेझचं खोरं आहे आणि त्या खोऱ्यात स्कीइंगची गावं आहेत. तिथे हिवाळ्यात इंग्लंडहून माणसांची रीघ लागते. मेरिबेल हे गाव तर १९३८ साली एका स्कॉटिश माणसानेच वसवलं. हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर ब्रिटिश मंडळींना बर्फासाठी दुसरी जागा हवी होती. डिसेंबर ते एप्रिल हा कमाईचा हंगाम. त्याआधी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात माझा वर्ग भरतो : टांगत्या खुर्च्यांच्या रोपवेवर काम करणारे, बर्फात पडलेल्यांना उचलून खाली आणणारे, भाड्याच्या घरांतले नळ आणि विजेची कामं करणारे, दवाखान्यातल्या नर्सेस. यांना परीक्षा द्यायची नसते, गुण मिळवायचे नसतात. समोरच्या इंग्रज माणसाचं बोलणं कळलं पाहिजे आणि आपलं त्याला कळलं पाहिजे, बस्स.

रोपवेवर काम करणाऱ्याला फ्रेंचमध्ये ‘पेर्शमान’ म्हणतात. पूर्वी बर्फावरून वर ओढत नेणारी दांडी असे, ती ‘पेर्श’. त्याला इंग्रजी ‘मॅन’ चिकटवला. म्हणजे या माणसाच्या हुद्द्याचं नावच अर्धं इंग्रजी आहे, पण इंग्लंडमध्ये कुणाला सांगितलं तर त्याला काही बोध होणार नाही. फ्रेंच भाषेत असे घरी घडवलेले इंग्रजी शब्द पुष्कळ आहेत. इंग्रजी भाषेचा दुस्वास वगैरे जो फ्रेंचांच्या माथी मारला जातो, तो मला या वर्गात कधी दिसला नाही. शिकायला ते अतिशय उत्सुक असतात. अडतात ते लहान शब्दांपाशी.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पन्नाशीला आलेला एक पेर्शमान हंगाम संपल्यावर मला मुद्दाम भेटायला आला. रोपवेच्या वरच्या टोकाला, जिथे खुर्चीतून उतरून बाजूला सरकायचं असतं, तिथे त्याची नेमणूक होती. खुर्ची तिथे थांबत नाही. ती चाकाला वळसा घालून पुन्हा खाली निघते. एका खुर्चीत सात-आठ वर्षांची इंग्रज मुलगी एकटी बसून आली. ती उठेना. हा ओरडला, ‘‘डिसेंड! डिसेंड, प्लीज!’’ मुलगी खुर्चीची दांडी घट्ट धरून त्याच्याकडे बघत राहिली. त्याने बटण दाबून सगळा रोपवे थांबवला आणि तिला हाताने उचलून घेतलं. काही इजा झाली नाही. पण तो मला सांगत होता तेव्हाही त्याचा आवाज कापत होता. ‘‘मादाम, शब्द तर बरोबर होता ना?’’

शब्दकोशाप्रमाणे बरोबर होता. फ्रेंचमध्ये खुर्चीतून, बसमधून, डोंगरावरून, जिन्यावरून उतरायला एकच क्रियापद, ‘देसांद्र’. चढायला एकच, ‘मोंते’. मराठी वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही. आपणही एसटीतून उतरतो आणि रायगडही उतरतो, एसटीत चढतो आणि गडही चढतो. पण इंग्रज मुलीच्या कानाला ‘डिसेंड’ म्हणजे खाली जा. ती तर नुकतीच डोंगराच्या माथ्यावर पोचली होती, खाली कुठे जायचं? शिवाय सात वर्षांच्या पोरीच्या घरात हा शब्द कुणी उच्चारतच नाही. तिच्या आईने तिला जन्मापासून ‘गेट ऑफ’, ‘गेट अप’, ‘गेट डाउन’ एवढंच म्हटलेलं असणार. ‘गेट ऑफ’ ऐकताच तिचे पाय आपोआप जमिनीला लागले असते.

या पेर्शमानला ‘गेट ऑफ’ माहीत नव्हता का? होता. शाळेत त्यानेही यादी पाठ केली होती. फ्रान्समध्येही पुस्तकांच्या शेवटी अशा याद्या असतात : ‘गेट’ला ‘अप’ लावला की हा अर्थ, ‘ओव्हर’ लावला की तो. प्रत्येकापुढे एक फ्रेंच शब्द. पण खुर्ची सुटत असताना यादी चाळायला कुणाला वेळ असतो? त्या क्षणाला माणूस आपल्या भाषेकडे धावतो. आणि फ्रेंच माणसाला त्याच्या भाषेत एक असा आधार सापडतो जो आपल्याला नाही : त्याच्या पुष्कळ शब्दांची इंग्रजीत एकेक सख्खी बहीण आहे. मिळणे म्हटलं की ‘ओब्तनीर’, इंग्रजीत ‘ऑब्टेन’. येऊन पडणे, ‘रसव्वार’, इंग्रजीत ‘रिसीव्ह’. पोचणे, ‘अरिव्हे’, इंग्रजीत ‘अराइव्ह’. समजणे, ‘कोंप्रांद्र’, इंग्रजीत ‘कॉम्प्रिहेंड’. या सगळ्या ठिकाणी इंग्रज माणूस घरात बसून ‘गेट’ म्हणतो. त्यामुळे माझा नळ दुरुस्त करणारा विद्यार्थी इंग्रज घरमालकिणीला सांगतो की, सुटा भाग मला उद्या ‘ऑब्टेन’ होईल. तिला कळतं, पण तिला तो एखाद्या वकिलासारखा वाटतो. आपल्याकडे एखादा परदेशी पाहुणा भाजीवालीला म्हणाला, ‘‘मला कोथिंबीर प्राप्त होईल काय?’’, तर काय होईल? कोथिंबीर मिळेल. पण ती बाई त्याच्याशी मोकळेपणाने बोलणार नाही.

हे असं का झालं, ते मी वर्गात नकाशा काढून सांगते, कारण यात फ्रेंचांचाच हात आहे. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि तिथला दरबार, कचेऱ्या, न्यायालयं फ्रेंच बोलू लागली. कित्येक पिढ्या हे चाललं. १३६२ साली, न्यायालयात वाद इंग्रजीत चालावेत असा कायदा करावा लागला, आणि तो कायदाही लिहिलेला होता फ्रेंचमध्ये. आपल्याकडे अर्ज, दाखला, हुकूम, तारीख हे शब्द फारसीच्या वाटेने कचेरीतून आले तसाच हा प्रकार. इंग्रजांनी फ्रेंच शब्द घेतले, पण ते बैठकीच्या खोलीत ठेवले. स्वयंपाकघरात जुनेच चालू राहिले.

‘गेट’ हा त्या स्वयंपाकघरातला. तो आला त्याच्याही आधी, स्कँडिनेव्हियातून होड्यांनी येऊन इंग्लंडच्या पूर्व भागात वस्ती करून राहिलेल्या लोकांबरोबर. ‘टेक’, ‘एग’, ‘स्काय’, ‘दे’ हेही त्यांनीच दिलेले. आणि नॉर्मन तरी कोण? त्याच उत्तरेकडच्या दर्यावर्दींपैकी. ९११ साली फ्रान्सच्या राजाने त्यांच्या एका टोळीला सेन नदीच्या मुखाकडचा मुलूख देऊन टाकला. तिथे ते फ्रेंच बोलायला शिकले, आपली बोली विसरले आणि दीडशे वर्षांनी फ्रेंच होऊन इंग्लंडात उतरले. म्हणजे एकाच घराण्याच्या एका पातीने इंग्रजांना ‘गेट’ दिला आणि दुसरीने ‘ऑब्टेन’.

एवढ्यावर थांबत नाही. भाषांची फार जुनी कुळं शोधणारे सांगतात की ‘गेट’चं मूळ आणि लॅटिनमधल्या ‘प्रेहेंदेरे’चं मूळ एकच, अर्थ हाताने पकडणे. त्या लॅटिन शब्दापासून फ्रेंचचा ‘प्रांद्र’ म्हणजे घेणे, आणि त्यालाच जोडून ‘कोंप्रांद्र’ म्हणजे समजणे. इंग्रज ‘आय गेट इट’ म्हणतो आणि फ्रेंच ‘जं कोंप्रां’ म्हणतो तेव्हा दोघेही मुठीत धरण्याचीच गोष्ट करत असतात. आपणही ‘मुद्दा पकडला’ म्हणतोच. हे सांगितलं की वर्गात एकदम सैलपणा येतो. ज्या शब्दाची भीती वाटत होती तो लांबचा का होईना, चुलत भाऊ निघतो.

पण इतिहास सांगून कुणाला बोलता येत नाही, हे मलाही ठाऊक आहे. एक युक्तिवाद नेहमी ऐकायला मिळतो : ‘गेट’ इतका त्रासदायक आहे तर तो वापरूच नये, त्याच्याऐवजी नेमका शब्द वापरावा. पुण्यात शिकत असताना आम्हालाही इंग्रजीच्या निबंधात ‘गेट’ लिहू नका, तो गबाळा शब्द आहे, असं सांगितलं जायचं. निबंधापुरतं ते चालेल. बोलताना तुम्ही तो टाळू शकाल, पण समोरचा टाळत नाही.

बर्फाच्या उतारावर जखमींना मदत करणाऱ्याला इथे ‘पिस्तर’ म्हणतात. माझ्याकडे दरवर्षी त्यांतले दोघे-तिघे असतात. त्यांपैकी एका तरुणीने मला तिच्या वहीत टिपलेली वाक्यं दाखवली. तिने ती पाठ करण्यासाठी लिहिली नव्हती; दिवसभरात लोक तिच्याशी काय बोलले ते रात्री आठवून लिहिलं होतं. ‘आय गॉट हिट फ्रॉम बिहाइंड.’ ‘आय कान्ट गेट माय ब्रेथ.’ ‘आय कान्ट गेट माय बूट ऑफ.’ ‘आय ॲम गेटिंग रिअली कोल्ड.’ ‘गेट माय वाइफ, प्लीज.’ ‘हाउ लाँग टिल वी गेट देअर?’ मागून धक्का बसला, श्वास घेता येत नाही, बूट निघत नाही, गारठायला लागलोय, बायकोला बोलवा, पोचायला किती वेळ. सहा वाक्यं, एक क्रियापद. वेदनेत असलेला माणूस ‘ऑब्टेन’ म्हणत नाही. ‘आय कान्ट गेट माय ब्रेथ’ आणि ‘आय कान्ट गेट माय बूट’ यांतला फरक तिला तिथल्या तिथे कळायला हवा, कारण एकात हेलिकॉप्टर बोलवावं लागेल आणि दुसऱ्यात बक्कल सोडवून भागेल.

ती वही बघून मी माझी यादी फेकून दिली. हे मी वाढवून सांगत नाही. टंकलेखन केलेली चार पानांची यादी होती, वर्षानुवर्षं वापरलेली. आपल्या चौकटीसारखीच.

आता मी काय करते? फ्रेंच भाषेतच शोधते. फ्रेंच माणूस आजारी पडतो तेव्हा ‘तोंबे मालाद’ म्हणतो. ‘तोंबे’ म्हणजे पडणे. अंधार होतो तेव्हा ‘ला न्वी तोंब’, रात्र पडते. गाडी रस्त्यात बिघडली की ‘तोंबे आं पान’. मला हे पहिल्यांदा रानडेमध्ये शिकवलं तेव्हा मी बाकावरून उठायचीच बाकी होते. आजारी पडणे, अंधार पडणे, गाडी बंद पडणे, प्रेमात पडणेसुद्धा! सह्याद्री आणि आल्प्समध्ये एवढं अंतर असून दोन्हीकडची माणसं एकाच तऱ्हेने पडतात. इंग्रज मात्र आजारीही ‘गेट’ होतो आणि अंधारही त्याच्याकडे ‘गेट’ होतो. तर मी वर्गात सांगते, तुमच्याकडे जिथे माणूस एका अवस्थेतून दुसरीत ‘पडतो’, तिथे बहुतेक वेळा इंग्रजाला ‘गेट’ लागेल.

दुसरं, फ्रेंचमध्ये म्हातारं होणे, लाल होणे, जाड होणे, बारीक होणे यांना एकेकच शब्द आहे : व्ह्येयीर, रूझीर, ग्रोसीर, मेग्रीर. शेवटी सगळीकडे ‘ईर’. ते ‘ईर’ कानावर आलं की ‘गेट ओल्ड’, ‘गेट रेड’, ‘गेट फॅट’, ‘गेट थिन’. असे दोन-तीन धागे हाती दिले की पुढचे विद्यार्थी आपणच ओढून काढतात.

तिसरा धागा मला सर्वांत आवडतो आणि तो मराठीमुळे सापडला. केस कापून घेणे, गाडी दुरुस्त करून घेणे. काम दुसरा करतो, आपण करवून ‘घेतो’. इंग्रज म्हणतो ‘गेट माय हेअर कट’. फ्रेंच म्हणतो ‘स फेर कूपे ले शव्हो’. आणि त्याच ‘स फेर’ने फ्रेंचमध्ये खिसाही कापला जातो, नोकरीवरूनही काढलं जातं, पोलिसाकडूनही पकडलं जातं, इंग्रजीत त्या सगळ्या ठिकाणी ‘गेट रॉब्ड’, ‘गेट फायर्ड’, ‘गेट कॉट’. ‘स फेर’ प्रत्येक फ्रेंच पोराला आईच्या दुधाबरोबर येतं. त्याच्यापुढे ‘गेट’ ठेवला की डझनभर अर्थ एकाच वेळी जागेवर बसतात आणि पाठांतराचा प्रश्नच उरत नाही. मी जर मराठीत ‘करून घेणे’ बोलत वाढले नसते तर ‘स फेर’ आणि ‘गेट’ शेजारी शेजारी ठेवायचं मला सुचलं असतं असं वाटत नाही.

अर्थात काही ठिकाणी फ्रेंचच पाय ओढते. शाळेतून मुलाला आणायला जायचं असेल तर फ्रेंच आई ‘आले शेर्शे’ म्हणते, शब्दशः ‘शोधायला जाणे’. माझ्या वर्गातली एक बाई इंग्रज सहकाऱ्याला फोनवर म्हणाली, मला आता निघायला हवं, मुलाला ‘सर्च’ करायला शाळेत जायचंय. पलीकडचा माणूस घाबरून विचारू लागला, कधीपासून हरवलाय, पोलिसांना कळवलं का? तिथे ‘गेट’ म्हणायला हवं होतं, ‘आय हॅव टु गो अँड गेट माय सन’. ती बाई मला म्हणाली, त्याची काळजी ऐकून मलाच क्षणभर धडकी भरली.

आणि आता माझ्या आईची गोष्ट सांगते, कारण शिकवायचं कसं ते मी तिच्याकडून शिकले. माझे यजमान फ्रेंच आहेत. लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा वाईला गेलो तेव्हा त्यांनी मराठी शिकायचा चंगच बांधला होता. वही घेऊन फिरायचे. चार दिवसांत एका शब्दाने त्यांना बेजार केलं : लागणे. भूक लागली, ठेच लागली, दिवे लागले, दार लागलं, निकाल लागला, मुलाला नोकरी लागली, फोन लागत नाही, झोप लागली, आमटी तिखट लागली, तो माझा मामा लागतो, रडायला लागला, जावं लागलं. वहीचं पान भरलं आणि त्यांनी कपाळाला हात लावला. त्याच दुपारी आम्ही पाचगणीला निघालो. पसरणीचा घाट सुरू होण्याआधी आईने काळजीने विचारलं, ‘‘जावईबापू, तुम्हाला गाडी लागते का?’’ ते स्टँडवर ‘पाचगणीची गाडी लागली आहे’ हे ऐकून आले होते. मोठ्या आत्मविश्वासाने म्हणाले, ‘‘नाही आई, इथे लागत नाही. स्टँडवर लागते.’’

आई हसली नाही. सातवी शिकलेली बाई. तिने त्यांचा हात धरला, त्यांच्या तळहातावर आपलं बोट टेकवलं आणि म्हणाली, ‘‘हे बघा, लागलं. एक वस्तू येऊन दुसरीला टेकली की लागलं. भूक येऊन पोटाला टेकते, गाडी येऊन फलाटाला टेकते. ओळखीचं नसेल ते पण असंच येऊन टेकतं.’’ माझ्या नवऱ्याने वही मिटली. त्यानंतर त्यांच्या चुका व्हायच्या, पण ते ‘लागणे’ टाळत नसत. बोलून टाकत आणि बहुतेकदा ते बरोबर निघे. ‘मला उद्या परत जावं लागतं’ हे त्यांचं वाक्य ऐकून आईच्या डोळ्यांत पाणी आलं. इंग्रजीतही ‘आय हॅव गॉट टु गो’ म्हणतात, तिथेही तोच ‘गेट’ आणि तोच नाइलाज. हे मला पुष्कळ उशिरा जाणवलं.

आईने बोटाने जे केलं ते मी आता वर्गात खुर्च्यांनी करते. दोन खुर्च्या मांडते. या खुर्चीवर तुम्ही थकलेले नाही, त्या खुर्चीवर तुम्ही थकलेले आहात. इथे तिकीट नाही, तिथे आहे. इथे शांबेरी, तिथे खोऱ्यातलं मूतिए गाव. इथे कळलेलं नाही, तिथे कळलंय. बसलेलं असताना इंग्रजीत ‘बी’ किंवा ‘हॅव’ चालतं. या खुर्चीवरून उठून त्या खुर्चीवर जाण्याचं जे मधलं पाऊल, ते ‘गेट’. माणसं खरोखर उठतात, जातात, बसतात आणि तोंडाने म्हणतात. पन्नाशीचे पेर्शमानसुद्धा. पहिल्या दिवशी लाजतात, तिसऱ्या दिवशी स्वतःची वाक्यं आणतात. चाळीस अर्थांपैकी मोजकेच या दोन खुर्च्यांत बसत नाहीत. ते मात्र वेगळे सांगावे लागतात आणि ऐकून ऐकूनच मुरतात. ‘गेट ऑन वुइथ’ म्हणजे कुणाशी पटणे, हा त्यातला. त्याला काही इलाज नाही.

मी नातीला हेच फोनवर करायला लावलं. तिने आईला आणि धाकट्या भावाला उभं केलं, दोन पाट मांडले. आधी ‘आय वॉज इल’, मग ‘आय ॲम गेटिंग बेटर’. भावाने ‘आय ॲम गेटिंग हंग्री’ असं न सांगताच म्हटलं, कारण जेवायची वेळ झाली होती. तो पाचवीत आहे आणि त्याने आपली चौकट वाचलेली नाही.

संपादक महोदय, आपल्या सदराबद्दल मला आदरच आहे. वाईसारख्या गावात ज्या घरांमध्ये इंग्रजी बोलणारं कुणी नाही, तिथे रविवारचं हे पान कात्रण करून ठेवलं जातं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या पानावर विश्वास असतो, म्हणूनच त्यावर काय छापून येतं याची मला इतकी काळजी वाटते. इतकी जागा ‘गेट’ला दिलीत तर चाळीस प्रतिशब्दांऐवजी दहा छोटी बोलणी छापा : एसटी स्टँडवरचं, दवाखान्यातलं, शाळेच्या दारातलं. त्यांच्याशेजारी आपल्याच मराठीतली ‘पडणे’, ‘लागणे’, ‘करून घेणे’ ही क्रियापदं ठेवा. मुलांना ती आधीपासून येतात. मराठी माध्यमात शिकतो म्हणून इंग्रजीत मागे पडतो, असं त्या मुलांच्या मनावर सतत बिंबवलं जातं. त्यांना एकदा दिसू द्या की त्यांच्या घरच्या भाषेतूनच ‘गेट’कडे वाट जाते आणि ती वाट एका फ्रेंच पेर्शमानच्या वाटेपेक्षा काही लांबची नाही.

चौकटीच्या तळाशी ‘पुढील रविवारी : टेक’ असं लिहिलेलं आहे. त्याचे किती अर्थ आपण छापणार आहात ते ठाऊक नाही. छापण्याआधी कळवलंत तर ‘टेक’वरची दहा बोलणी मी गुरुवारपर्यंत लिहून पाठवीन. मानधन नको. त्यातली तीन माझ्या भावाच्या नातीने सुचवलेली असतील, तेवढा तिच्या नावाचा उल्लेख करावा. माझं नाव छापू नये, ही विनंती.

आपली नम्र,
एक वाचक
शांबेरी, फ्रान्स (मूळ गाव वाई, जि. सातारा)